विनोदी मालिकेवर मत बनवण्याआधी

पहिल्याच भागावरून मालिका मोडीत काढू नका. त्यातला बराच वेळ पात्रांची ओळख करून देण्यात जातो. चार-पाच भाग बघा, मग बोला. सबटायटल्स लावली असतील तर ओळ आधी वाचून होते, नट नंतर बोलतो आणि हशा तिथेच मरतो. खापर मात्र बिचाऱ्या नटाच्या टायमिंगवर फुटतं!

मूकपट 'नुसती पळापळ' वाटला तर आधी प्रत तपासा. सेकंदाला १६ ते २० फ्रेम्सनी चित्रित केलेली रिळं २४च्या वेगाने चालवली, की चालणं दुडकं होतं आणि विनोदाआधीचा थांबा गिळला जातो. योग्य वेगाची प्रत शोधाच. प्रेक्षकांसमोर चित्रित झालेल्या मालिकेत नट हशा ओसरेपर्यंत थांबतात; त्याला संथपणा म्हणू नका.