एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) केसेस इतक्या वर्षानुवर्षं का रखडतात? विशेष न्यायालयं वाढवली की प्रश्न सुटेल का?

थोडाफार सुटेल. पण विशेष न्यायालयांची तरतूद 1989 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहेच; नुसत्या खुर्च्या वाढवून भागत नाही. खरी गाडी अडते ती फॉरेन्सिक लॅबच्या अहवालापाशी आणि साक्षीदारांपाशी. पंच (जप्तीचे साक्षीदार) साक्ष फिरवतात, तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते, मग पुढची तारीख. 2013 मध्ये थानासिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की साक्षी सलग दिवसांत नोंदवा, उगाच तहकुबी देऊ नका. पाळलं तरी पुष्कळ.

त्यात कलम 37. पकडलेला माल ‘व्यावसायिक प्रमाणा’त असेल (उदा. गांजा 20 किलोच्या वर) तर जामीन जवळपास मिळतच नाही, म्हणजे खटला रेंगाळला की आरोपी आत कुजतो. सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या मोहम्मद मुस्लिम निकालानं अवाजवी विलंब हा जामिनाचा आधार मानला, हे बरं झालं.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय वेगळाच आहे: स्वतःच्या नशेपुरती पुडी बाळगणाऱ्यांना खटल्यांच्या रांगेतून बाहेर काढा. नुसत्या सेवनासाठी कलम 27 खाली पदार्थानुसार जास्तीत जास्त सहा महिने किंवा एक वर्ष शिक्षा आहे, आणि स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम 64-अ खटल्यापासून संरक्षण देतं. पण हे कलम त्या पोराला सांगणार कोण? बहुतेकदा त्याचा वकीलसुद्धा ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, सुट’ एवढंच सांगतो.