दूध पावडरीतील सोया ओळखताना: सुरुवात कुठून करावी

दूध पावडरीच्या नमुन्यात सोयाची भेसळ आहे का, हे तुम्हाला तपासायचे होते; केल्डाल पद्धतीने प्रथिने भरपूर दिसली, म्हणून नमुना शुद्ध असे तुम्ही मानलेत. नवखे बहुतेक याच ठिकाणी फसतात. ती पद्धत केवळ नायट्रोजन मोजून त्याला दुधासाठी ६.३८ ने गुणते, मग तो नायट्रोजन गाईचा असो वा सोयाबीनचा. २००८ साली चीनमध्ये दुधात मिसळलेल्या मेलामाइन या नायट्रोजनयुक्त रसायनाने हीच उणीव उघडी पाडली होती.

म्हणून आधी एसडीएस-पेज या, प्रथिनांना आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत मांडणाऱ्या जेल पद्धतीवर हात बसवा. केसिन या दुधातील मुख्य प्रथिनाच्या ठळक पट्ट्यांत सोयाचे फिके पट्टे हरवतात; परंतु टेट्राबोरेट-ईडीटीए द्रावणात दुधाची प्रथिने विरघळवून सेंट्रिफ्यूज केल्यास वनस्पती-प्रथिने तळाशी साक्यात राहतात, आणि तो साकाच जेलवर चढवावा.

तूर्त एवढे सांभाळा:

- प्रत्येक जेलवर खात्रीची शुद्ध पावडर आणि स्वतः तयार केलेली १ व ५ टक्के सोया-मिश्रणे हवीतच. हा कंटाळा मीही केला होता. सारे जेल वाया गेले.
- एलायझाचा (प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीचा) निकाल नकारात्मक आला तरी नमुना निर्दोष ठरवू नका, कारण तापवलेल्या सोयाची रचना बदलते आणि प्रतिपिंड त्याला ओळखतीलच असे नाही.
- पावडर नीट घुसळूनच नमुना घ्या.

मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून प्रथिने ओळखण्याच्या तंत्राचा, विचार सध्या नको.