फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल) जुनी घ्यायची आहे. 2015 ची 1.2 लिटरची बरी की 2021 ची 1.0? तीन सिलिंडरने मजा जाते का?

नाही जात. "तीन सिलिंडर म्हणजे रिक्षा" हे आमच्या साडूंचं पेटंट वाक्य. त्यांची 2015 ची जीटी, चार सिलिंडर, सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). माझी बीएस-6 नंतरची 1.0 टीएसआय, तीन सिलिंडर, सहा गिअरची मॅन्युअल. घरात कुठलंही कार्य असो, जेवणं झाली की हा विषय निघतोच.

आकडे बघा. 1.2 ला 105 पीएस, 1.0 ला 110. टॉर्क दोन्हींना 175 एनएम. 1.2 चा टॉर्क 1500 आरपीएमपासून पूर्ण मिळतो, 1.0 चा थोडा वर, 1750 ला. एक सिलिंडर कमी झाला म्हणून ताकद कमी झालेली नाही. तीन सिलिंडर बदनाम झाले ते 2010 च्या पोलोतल्या बिनटर्बो, तीन सिलिंडरच्या 1.2 मुळे. 75 पीएसमध्ये एसी लावून घाट चढायचा म्हणजे शिक्षाच. तो राग लोक अजून टीएसआयवर काढतात.

मध्यंतरी माणगावचं लग्न उरकून परत येताना विळ्याला चहाला थांबलो, तिथे पुन्हा तेच सुरू झालं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "किल्ल्या बदला आणि गप बसा." साडू माझ्या गाडीत, शेजारी मी, मागे दोघी, एसी चालू. ताम्हिणीची चढण लागली. पहिल्या वळणाला त्यांनी सवयीने गाडी तिसऱ्यातच ठेवली, गाडी रेंगाळली, लगेच माझ्याकडे बघून हसले. म्हटलं, दुसरा टाका. टाकला, आणि मग वर येईपर्यंत साहेब एक शब्द बोलले नाहीत. एका टेम्पोला तर असं ओव्हरटेक केलं की मागून मेहुणी ओरडली. वर थांबल्यावर म्हणाले, "थांबल्यावर थरथरते मात्र." थरथरतेच! आयडलिंगला कंपन आहे, कोण नाही म्हणतंय? पण गाडी चालवायला घेतो की उभी करायला?

तुमचा प्रश्न राहिला. 2021 ची घ्या, मॅन्युअल मिळाली तर फारच उत्तम. फक्त मॅन्युअल 1.0 टीएसआयवर कंपनीचा जीटी बिल्ला येत नव्हता, ती हायलाइन प्लस वगैरे नावाने यायची, जीटी ऑटोमॅटिकच. मॅन्युअलवर बिल्ला दिसला तर तो मागाहून चिकटवलेला. नुसतं "1.0 आहे" ऐकून पैसे देऊ नका, 76 पीएसची बिनटर्बो 1.0 एमपीआयसुद्धा 999 सीसीचीच. आरसीवर सीसीचा आकडा दोन्हींचा सारखाच दिसेल, टीएसआय आहे का ते बॉनेट उघडून बघा.

1.2 अगदीच टाकाऊ नाही. इंजिन गोड आहे, डीएसजीचे गिअर लोण्यासारखे पडतात. पण क्लच ड्राय आहे, म्हणजे तेलात बुडालेला नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तापतो, आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) गेलं तर खर्च जबर. 1.0 च्या ऑटोमॅटिकला साधा टॉर्क कन्व्हर्टर (जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक) आहे, तिथे ही भीती नाही.

आणि हो, कुठलीही घेतली तरी आधीच्या मालकाने रीमॅप केलंय का, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय का, ते खोदून विचारा. आमच्या साडूंच्या गाडीत स्टेज वन रीमॅप मारलेलं आहे, हे मला मेहुणीकडून कळलं. इतकी वर्षं "कंपनीचं 1.2 बघा कसं ओढतं" म्हणत होते ते याच जोरावर.