माळवद पाडून स्लॅब टाकताय? आधी गारव्याचं बघा

भाऊ, आपल्या परभणीकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, म्हणून कळकळीनं सांगतो. माळवदाची जाड माती ऊन वरच अडवत होती. स्लॅब दिवसभर तापतो अन् ती धग रात्री खोलीत सोडतो. कूलर तोच, पण घर गार होईना, ते यामुळंच.

आम्ही दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठा हॉल केला आणि कूलरच्या समोरची खिडकी बुजवली. पहिल्याच उन्हाळ्यात चादरी दमट, अंग नुसतं चिकचिक. कूलर ओली हवा आत ढकलतो, तिला बाहेर पडायला समोरून वाट लागतेच. शेवटी गवंडी बोलावून खिडकी परत फोडली. एसीचं उलटं, त्याला फटी बंद हव्यात. दीड टनाचा एसी ताशी 18,000 बीटीयू (हे उष्णता मोजायचं माप) उष्णता ओढतो. खोली वाढवली की तो पुरेलच असं नाही. म्हणून कूलर की एसी, हे प्लास्टरच्या आधी ठरवा. एसीची वेगळी वायर अन् पाण्याचा पाईप तेव्हाच भिंतीत घेता येतो.

स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात मारा. आणि पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच लावूच नका.