मातेइन की कॅफीन?

प्रश्न : माझा भाचा अंधेरीतील एका कार्यालयात रात्रपाळी करतो. तेथील एका सहकाऱ्याने त्याला येर्बा माते नावाच्या दक्षिण अमेरिकी पाल्याचे पाकीट दिले आहे. त्यात कॅफीन नसून ‘मातेइन’ असते, त्यामुळे तरतरी येते पण झोप उडत नाही, असे तो सांगतो. पहाटे चारपर्यंत तो ते पीत असतो आणि सुट्टीच्या दिवशी बर्फाचे पाणी घालूनही पितो. यात तथ्य किती? मला रक्तदाबाचा त्रास आहे. मी ते प्यावे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : मराठी कानाला हे नाव देवीला हाक मारल्यासारखे वाटते, पण ‘माते’ हा शब्द मूळचा क्वेचुआ भाषेतील, भोपळ्याच्या भांड्यासाठी वापरला जाणारा. अर्जेंटिना, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझील येथे होणाऱ्या ‘आयलेक्स पॅराग्वारिएन्सिस’ या झाडाची पाने जाळावर झटकन शेकून व वाळवून हा पाला तयार करतात. वाळक्या भोपळ्यात तो भरून त्यावर गरम पाणी ओततात आणि टोकाला चाळणी असलेल्या धातूच्या नळीने ओढून पितात.

आता मुख्य मुद्दा. मातेइन नावाचा वेगळा पदार्थ अस्तित्वात नाही. ते कॅफीनच आहे. मातेइन म्हणजे कॅफीनच्या रेणूची आरशातली प्रतिमा, असा एक दावा केला जातो आणि तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. परंतु अशी दोन रूपे असायला रेणूची ठेवण डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांवर तंतोतंत न बसणारी असावी लागते. कॅफीनचा रेणू जवळपास सपाट आहे आणि त्याची प्रतिमा म्हणजे तो स्वतःच, त्यामुळे त्याला दुसरे रूप असूच शकत नाही. चहाच्या बाबतीतही हेच घडले होते : 1827 मध्ये चहातून ‘थेइन’ वेगळे काढण्यात आले आणि ते कॅफीनच असल्याचे 1838 मध्ये सिद्ध झाले. चहाचा गैरसमज अकरा वर्षांत मिटला. मातेचा मात्र अजून पाकिटांवरून फिरतो आहे.

दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ते पेशींवरील त्याच्या ठरावीक जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसले की सुस्ती येते. कॅफीन त्या जागा अडवून ठेवते. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातून निम्मे कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे चारला घेतलेल्या कॅफीनपैकी निम्म्याहून अधिक, भाचा सकाळी आठला पडदे ओढून आडवा होतो तेव्हाही, रक्तात असते. झोप उडत नाही हे त्याचे म्हणणे म्हणूनच तपासून पाहण्यासारखे आहे.

तरीही मातेची तरतरी कॉफीहून सौम्य वाटल्याचे अनेक जण सांगतात, आणि ते निव्वळ कल्पना म्हणून उडवून लावण्याचे कारण नाही. या पाल्यात कोकोमध्ये असते तसे थोडे थिओब्रोमीन असते, पण मेंदूवर त्याचा परिणाम फारच क्षीण. माझ्या मते खरे कारण पिण्याच्या रीतीत आहे : कॉफीचा पेला दहा मिनिटांत संपतो, तर माते त्याच पाल्यावर पुनःपुन्हा पाणी ओतून तासन्‌तास चालते, त्यामुळे कॅफीन हप्त्याहप्त्याने पोटात जाते. धोकाही तेथेच आहे. पन्नास ग्रॅम पाल्यात एक टक्का कॅफीन धरले तरी ते 500 मिलिग्रॅम होते, आणि ते सगळे पाण्यात उतरत नसले तरी निरोगी प्रौढाने दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मत आहे. गर्भवतींसाठी ही मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे.

उकळत्या पाण्याचा मोह मात्र टाळावा. 65 अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये नोंदवले. बेताच्या उष्णतेच्या मातेवर तिने तसा ठपका ठेवलेला नाही.

कॅफीनने रक्तदाब काही काळ वाढू शकतो, म्हणून आपण आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि त्यांनी होकार दिला तर दुपारच्या चहाच्या जागी घ्यावे, चहाच्या जोडीला नव्हे. बर्फाच्या पाण्याचे म्हणाल, तर तो भाच्याचा शोध नव्हे. पॅराग्वेत थंड पाण्यातले माते ‘तेरेरे’ म्हणून घरोघरी पितात, आणि मे महिन्यातल्या मुंबईला तीच रीत अधिक मानवेल.