लाँग शॉट पडला, कॉम्बॅट पडला

वाचकांचे प्रश्न : जमैकाच्या जुन्या रेगे गाण्यांतले घोडे

प्रश्न : ‘लाँग शॉट किक द बकेट’ म्हणजे घोड्याने बादलीला लाथ मारली. एवढ्याशा गोष्टीवर गाणं कसं झालं? हा घोडा खरा होता का?

घोडा खरा होता, बादली मात्र नव्हती. बादलीला लाथ मारणं हा मरण्यासाठीचा बोलीतला शब्दप्रयोग आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘गचकला’. ‘निधन पावला’ म्हटलं की गाण्याचा सगळा नूर जातो.

लाँग शॉट जमैकाची राजधानी किंग्स्टनजवळच्या केमॅनस पार्क या रेसकोर्सवर धावायचा. त्याआधी शर्यती खुद्द शहरात, नट्सफर्ड पार्कवर होत. १९५९ मध्ये केमॅनस सुरू झालं आणि नट्सफर्डच्या जागेवर पुढे न्यू किंग्स्टन उभं राहिलं. जमैकात लाँग शॉटचं नाव घराघरांत ठाऊक होतं. पायोनियर्स या जमैकन गायकमंडळींनी त्याच्यावर एक नाही, दोन गाणी केली, आणि ती क्रमानेच ऐकावीत. पहिलं १९६८ चं, निर्माता जो गिब्ज. बीस्टन स्ट्रीटवर टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता हा माणूस रेकॉर्डच्या धंद्यात आला होता. त्या गाण्याचा सूर तक्रारीचा : या घोड्याने माझी पैज बुडवली. दुसरं १९६९ चं, निर्माता लेस्ली काँग. तोवर घोडा गेलेला होता. शर्यतीत लाँग शॉट पडला, कॉम्बॅट नावाचा दुसरा घोडाही पडला, आणि ‘आमचे सगळे पैसे नरकात गेले’ असं गाणं सांगतं.

सुरुवातीची ओळ नीट ऐका. केमॅनसवर ‘रडणं आणि विलाप’ चालल्याचं ती सांगते. बायबलच्या मराठी भाषांतरात ‘तेथे रडणे व दात खाणे चालेल’ हे शब्द आहेत, त्याच वळणाची ही भाषा. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या श्रोत्यांना ती तोंडपाठ होती. शेवटच्या न्यायाच्या दिवसाचे शब्द रेसकोर्सवर आणून ठेवले आहेत. रडणं घोड्यासाठी की पैशांसाठी, हे गाणं वेगळं करत नाही. आमच्या मते त्याची ताकद तिथेच आहे. चाल नाचायला लावणारी, मजकूर मृत्यूचा, आणि गाणाऱ्यांचा आवाज कुठेही रडका होत नाही.

प्रश्न : घोडा पडला तर पैसे परत का मिळत नाहीत? शर्यत त्याने पूर्णच केली नाही ना!

टोट म्हणजे सगळ्यांच्या पैजांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत. तिचा नियम असा : घोडा सुरुवातीआधीच मागे घेतला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. पण एकदा तो रीतसर धावायला सुटला की ‘धावलेला’ धरला जातो. मग तो पहिल्या वळणावर पडो की शेवटच्या शंभर मीटरमध्ये, तिकीट फुकट.

गाण्यातलं ‘सगळे पैसे’ कळायला हिशेब पाहा. समजा, विन पूलमध्ये, म्हणजे ‘हा घोडा पहिला येईल’ अशा पैजांच्या एकत्र रकमेत, १०,००० रुपये जमले आणि २० टक्के कपात झाली. उरले ८,०००. फेव्हरिटवर, म्हणजे सर्वाधिक पसंतीच्या घोड्यावर, ५,००० लागले असतील आणि तो जिंकला, तर दर रुपयामागे १ रुपया ६० पैसे. दुबळ्या घोड्यावर फक्त २०० लागले असतील आणि तो जिंकला, तर दर रुपयामागे ४० रुपये. अशा घोड्यालाच ‘लाँग शॉट’ म्हणतात, म्हणजे या घोड्याचं नावच पैजेच्या भाषेतून आलेलं. गरीब माणूस चाळीसपटीच्या आशेवर असतो. घोडा पडला की ती आशा आणि तिकीट एकदमच जातात.

प्रश्न : अशा गाण्यामागची घटना खरी आहे का, हे कसं तपासायचं?

आधी गाण्यातली सगळी घोड्यांची नावं आणि मैदानाचं नाव उतरवून घ्या. मग त्या काळातल्या जमैकन वृत्तपत्रांची, विशेषतः ‘ग्लीनर’ची, शर्यतींची पानं पाहा. एकच नाव जुळलं तर थांबू नका. घोड्यांची नावं काही वर्षांनी पुन्हा दिली जातात, त्यामुळे दोन नावं एकाच शर्यतीत सापडली पाहिजेत. सर्वाधिक चूक तारखेत होते. ब्रिटनमधल्या रेकॉर्डवरचं वर्ष तिथल्या प्रकाशनाचं असतं, घटनेचं नव्हे. घटना त्याआधीची, म्हणून शोध मागे मागे न्यावा.

प्रश्न : लाँग शॉटची सात इंची रेकॉर्ड मिळाली आहे. आवाज लाटांसारखा खालीवर होतो. रेकॉर्ड खराब आहे का?

बहुधा नाही. जमैकन सिंगलचं मधलं भोक मोठं, सुमारे ३८ मिलिमीटरचं असतं, आणि ते भरून काढणारी चकती, म्हणजे ॲडॅप्टर, सैल असला की तबकडी मध्यावर बसत नाही. मग प्रत्येक फेरीत सूर चढतो-उतरतो. लांबवलेल्या सुरांत हे लगेच जाणवतं. घट्ट बसणारा ॲडॅप्टर घ्या, वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांवर आहे ना पाहा, आणि सुई खोबणीत असताना टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे डोलतो का ते बघा. ॲडॅप्टर घट्ट असूनही डोलत असेल तर भोकच मध्यावर पाडलेलं नाही. तेव्हा सैल ॲडॅप्टरच वापरून तबकडी बोटाने केसभर सरकवत डोलणं थांबवावं.

तुमची प्रत ट्रोजन या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीची असेल तर मागची बाजूही वाजवा. तिथे ट्रॉम्बोनवादक रिको यांची धून आहे. पुढे ‘द स्पेशल्स’ या ब्रिटिश बँडने हेच घोड्याचं गाणं मैफलीत वाजवलं. ज्या ईपीवर (चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) ते आलं, ती १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. पायोनियर्सचं मूळ गाणं तिथे २१ व्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. आणि हेच रिको तोवर स्पेशल्ससोबत वाजवू लागले होते.