'वंशसंहार' आणि 'नरसंहार' एकच का?

ठाण्यातल्या एका शिक्षिकेने विचारले आहे: हिटलरची राजवट शिकवताना 'हत्याकांड', 'नरसंहार', 'वंशसंहार' यांतला कोणताही शब्द चालेल का?

नाही. फरक मृतांच्या आकड्याचा नसून हेतूचा आहे. हत्याकांडाला ठिकाण आणि दिवस असतो: जालियनवाला बाग, 13 एप्रिल 1919. नरसंहार म्हणजे असंख्य माणसे मारली गेली. का, ते हा शब्द सांगत नाही. वंशसंहारात एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, निव्वळ तो गट आहे म्हणून, पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू लागतो.

पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी 1944 मध्ये 'जेनोसाइड' (म्हणजे वंशसंहार) हा शब्द घडवला आणि 9 डिसेंबर 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची व्याख्या झाली. तीत ठार मारण्याखेरीज चार कृती आहेत. गटात मुले जन्मू न देणे आणि मुले हिरावून दुसऱ्या गटाला देणे या त्यांतल्या दोन. आपला 'निर्वंश' इथे जवळचा वाटतो, पण तो शापातला शब्द, एका घराण्यापुरता. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै 1995 मध्ये सुमारे 8,000 मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो वंशसंहार ठरवला. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, 1975 ते 1979, किमान 15 लाख माणसे गेली. तरी 2018 च्या निकालात वंशसंहाराचा दोष व्हिएतनामी आणि चाम (मुस्लिम अल्पसंख्य) लोकांबाबतच लागला, कारण करारात राजकीय गट नाहीत आणि राजकीय कारणाने मारलेले त्यात बसत नाहीत. ही उणीव फार मोठी आहे.

वर्गात एक गोष्ट जरूर दाखवावी: कत्तलीच्या आधी शब्द बदलतात. जर्मनीत जुलै 1933 मध्ये नाझींखेरीज सर्व पक्ष बंद झाले, म्हणजे 'हे खोटे आहे' असे उघड म्हणणारा कोणी उरला नाही. 1935 च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी आणि त्यांच्या नियमांनी 'ज्यू कोण' हे आजी-आजोबा मोजून ठरवले. चारांपैकी तीन ज्यू असले की माणूस ज्यू, मग तो स्वतः काहीही मानो. जहाल विचार असा कायदा झाला की कारकुनाकडे यादी तयार होते. रवांडात रेडिओवरून तुत्सी जमातीच्या लोकांना 'झुरळे' म्हटले जाई, आणि 1994 मध्ये नाक्यांवर ओळखपत्रावरची जमात पाहून माणसे वेगळी काढली गेली.

म्हणून ज्यूंबाबत 'वंशसंहार'च लिहावा. आणि ज्यूंना संपवण्याच्या योजनेसाठीचा नाझींचा 'अंतिम उपाय' हा शब्द अवतरणचिन्हांतच ठेवावा. चिन्हे काढली, तर तो त्यांचा न राहता आपला शब्द होतो.